कंपनीचे पासिंग

बीबीच्या स्टँडवर ‘पासिंग’ या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. मेहकरहून सुलतानपूर, बीबी, दुसरबीड करत सिंदखेडराजा आणि पुढे जालन्याकडे जाणाऱ्या या जुन्या रस्त्यावर एमएच २८ पाटीची जी भाड्याची गाडी धावते, ती ठरावीक मुदतीने आरटीओसमोर उभी करावी लागते. ब्रेक बघतात, दिवे बघतात, टायर बघतात. कागद मिळाला की गाडी पास. जुनी गाडी विकत घेणारा माणूस इंजिनाच्या आधी विचारतो, पासिंग कधीपर्यंत आहे?

पण पासिंग होते ते गाडीचे. गाडी चालवणाऱ्या धंद्याचे होत नाही. मालकाने चालकाला आदल्या रात्री झोपू दिले होते का, घासलेला टायर बदलायचा खर्च तो पुढच्या महिन्यावर ढकलतो का, गाडीत आग लागली तर काय करायचे हे त्याने आपल्या माणसांना कधी शिकवले का, यातले काहीही त्या कागदावर लिहिलेले नसते.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्याने याची किंमत पाहिली. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात उलटली, पेटली आणि २५ जण जळून गेले. बस पडली ती दाराच्या अंगावर. बाहेर पडायची नेहमीची वाट जमिनीखाली दाबली गेली. अशा वेळी कुठली खिडकी उघडते, काच कशाने फोडायची, हे रात्रीच्या बसमध्ये चढणाऱ्या प्रवाशाला आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. सांगितलेच पाहिजे अशी सवयही नाही.

विमान सुटण्यापूर्वी मात्र दर वेळी सांगतात. पट्टा कसा लावायचा, दारे कुठे आहेत, धूर झाला तर जमिनीलगतच्या दिव्यांच्या रेषेने कसे सरकायचे. नेहमी प्रवास करणारे तिकडे पाहतही नाहीत, पण ते सांगणे हा सौजन्याचा भाग नाही. ते कंपनीच्या परवान्याला बांधलेले आहे. विमान वाहतुकीत गाडीचे पासिंग वेगळे आणि गाडी चालवणाऱ्या कंपनीचे पासिंग वेगळे. या दुसऱ्या पासिंगचे नाव एअर ऑपरेटर सर्टिफिकेट. विमानाच्या जगातली माणसे त्याला नुसते ‘एओसी’ म्हणतात.

भारतात ते देते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे बातम्यांत येणारे डीजीसीए. मुख्यालय दिल्लीत. डीजीसीएचे कागद बरेच असतात. विमानाची नोंदणी वेगळी. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरे असतात, ती या नोंदणीची. विमान उडण्यालायक असल्याचे प्रमाणपत्र वेगळे. वैमानिकाचा परवाना वेगळा, देखभाल करणाऱ्या इंजिनिअरचा वेगळा, विमानतळाचा आणखी वेगळा. हे सगळे कागद खरे असले, विमान नवे कोरे असले आणि वैमानिक कसलेला असला, तरी एओसीशिवाय कुणालाही पैसे घेऊन माणसे नेता येत नाहीत.

हा फरक समजायला कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण पुरे आहे. या मराठी वैमानिकाने कांदिवलीत आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि उड्डाण करून पाहण्याची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९. चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. इतकी वर्षे झगडून जे हाती आले ते एका विमानापुरते होते. त्यावर एकही तिकीट विकता आले नसते. तिकीट विकायला विमानामागे एक संस्था उभी लागते, आणि त्या संस्थेची परीक्षा अजून बाकीच असते.

एके काळी हा सगळा भार एकाच माणसाच्या खांद्यावर मावत होता. भारतातला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळवला आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला टपाल घेऊन ते स्वतः कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. मालक तेच, वैमानिक तेच, जबाबदारही तेच. पुढे १९३४ चा विमान कायदा आला, १९३७ चे नियम आले आणि ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोला देशोदेशींचा करार झाला. आपल्या भूमीवरून चालणाऱ्या विमान कंपनीची जबाबदारी त्या त्या देशाने घ्यायची, हे तत्त्व त्या करारातून आणि त्याच्या जोडपत्रांतून पक्के होत गेले. १९३४ चा कायदा १ जानेवारी २०२५ पासून गेला. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. १९३७ च्या नियमांतले शब्द मात्र विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत अजून रोज उच्चारले जातात.

ही परीक्षा कशी होते ते पाहायला फार लांब जायला नको. जळगावच्या विमानतळावर एप्रिल २०२४ पासून ‘फ्लाय ९१’ या कंपनीची विमाने उतरू लागली. कंपनी गोव्याची, तळ मोपाचा, विमाने दोन पंख्यांची एटीआर ७२-६००. तिला एओसी मिळाली ६ मार्च २०२४ रोजी आणि प्रवासी घेऊन पहिले उड्डाण झाले १८ मार्चला. मधले दिवस जेमतेम बारा. पण त्या ६ मार्चच्या मागे कित्येक महिने आहेत.

जगभर ही प्रक्रिया साधारण पाच टप्प्यांची असते. आपल्याकडे त्याआधी केंद्र सरकारचे ना हरकत पत्र लागते. मग पहिला टप्पा डीजीसीएशी प्राथमिक बोलण्यांचा, दुसरा रीतसर अर्जाचा. तिसरा टप्पा कागदांचा, आणि कंपनीचा दम निघतो तो इथे. उड्डाणाची नियमपुस्तिका, प्रशिक्षणाची, देखभालीची, केबिन क्रूची, धोकादायक मालाची, सुरक्षेची अशी पुस्तिकांची चळत द्यावी लागते. डीजीसीएचे अधिकारी ती ओळीओळीने वाचून परत पाठवतात, पुन्हा मागवतात. एक छोटा भाग पाहिला तरी या कामाचा बारकावा कळतो. विमानातली कोणती वस्तू बंद असताना उड्डाण चालेल, कोणती बंद असताना मुळीच चालणार नाही, आणि चालत असेल तर किती दिवसांत ती दुरुस्त झालीच पाहिजे, याची प्रत्येक कंपनीची स्वतःची मंजूर यादी असते. ‘चालतंय तोवर चालू दे’ ही सवय या यादीपुढे टिकत नाही. मुदत संपली की विमान उभे.

पुस्तिकांबरोबर माणसे तपासली जातात. उड्डाणप्रमुख, प्रशिक्षणप्रमुख, उड्डाणसुरक्षाप्रमुख, देखभालीचा प्रमुख अशा ठरलेल्या जागांवर ठरलेल्या पात्रतेची माणसे लागतात आणि त्यांना डीजीसीए स्वतः मान्यता देते. या सगळ्यांच्या वर एक जागा असते, तिचे नाव ‘अकाउंटेबल मॅनेजर’. संपूर्ण व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट कुठली असे विचारले, तर ही जागा, असेच उत्तर द्यावे लागेल. अकाउंटेबल मॅनेजर म्हणजे असा माणूस, ज्याच्या हातात कंपनीच्या पैशाची किल्ली आहे आणि सुरक्षेचा जाबही ज्यालाच द्यायचा आहे. इंजिनिअरने सुटा भाग मागितला आणि तो आला नाही, तर ‘वरून मंजुरी मिळाली नाही’ असे म्हणता येत नाही, कारण मंजुरी देणाराच सरकारच्या दप्तरी नावानिशी जबाबदार म्हणून लिहिलेला असतो. मे २०२५ मध्ये एअर इंडियाच्या बंगळुरू ते लंडन अशा दोन उड्डाणांत वैमानिकांच्या उड्डाणाचा काळ दहा तासांच्या मर्यादेपुढे गेला, तेव्हा डीजीसीएची कारणे दाखवा नोटीस गेली ती याच पदावरच्या व्यक्तीला. वैमानिकांच्या पाळ्या लावण्याच्या कामातून तीन अधिकाऱ्यांना दूर करण्याचा आदेशही जूनमध्ये निघाला.

कागद मान्य झाले की चौथा टप्पा, करून दाखवण्याचा. विमान बनवणाऱ्या कारखान्याने आपली परीक्षा आधीच दिलेली असते: अंधार करायचा, निम्मी दारे बंद ठेवायची आणि भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करून दाखवायचे. पण बोईंगच्या किंवा एअरबसच्या माणसांना जमले म्हणून नव्या कंपनीच्या क्रूला जमेलच असे नाही. म्हणून तिच्या क्रूलाही निरीक्षकांसमोर दार उघडून, घसरगुंडी फुगवून, हुकूम देऊन दाखवावे लागते. मग येतात ‘प्रूव्हिंग फ्लाइट्स’. तिकीट न विकता खऱ्या मार्गावर खरे उड्डाण. डीजीसीएचे निरीक्षक कॉकपिटातल्या जादा खुर्चीवर आणि मागे केबिनमध्ये बसलेले. ते पाहतात की हवामानाचा कागद कुणी दिला, इंधन किती घेतले आणि का, सामानाच्या वजनाचा हिशेब कुणी केला, वैमानिकाने यादी मनाने म्हटली की वाचून. हे सगळे पार पडले की पाचवा टप्पा, प्रमाणपत्र. त्याला जोडलेल्या पानांवर विमानाचे प्रकार, कंपनीला कुठे आणि कशा परिस्थितीत उडता येईल याच्या अटी. दाट धुक्यात उतरायची परवानगीसुद्धा वेगळी मिळवावी लागते.

मुंबईच्या अकासा एअरचे पहिले विमान २१ जून २०२२ ला भारतात आले, ७ जुलैला एओसी मिळाली आणि ७ ऑगस्टला मुंबई–अहमदाबाद उड्डाणाने सेवा सुरू झाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत संगणकावरून पूर्ण झालेली ती देशातली पहिली एओसी. जेट एअरवेजचे झाले उलटे. एके काळी मुंबईची शान असलेली ही कंपनी १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली. नव्या मालकांनी पुन्हा परीक्षा दिली, मे २०२२ मध्ये प्रूव्हिंग फ्लाइट्स केल्या आणि २० मे रोजी एओसी मिळवलीही. पण त्यानंतर जेटच्या विमानात एकही तिकीटधारी प्रवासी चढला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले होते. त्यांतली कितीतरी घरे वसई, विरार, डोंबिवली, ठाण्याची. त्या घरांनी मे २०२२ मध्ये त्या प्रमाणपत्राकडे किती आशेने पाहिले असेल, हे वेगळे सांगायला नको.

प्रमाणपत्र देणे हा कामाचा लहान भाग. मोठा भाग त्यानंतर सुरू होतो आणि तो कधी संपत नाही. त्याचे महत्त्व कळायला बीबीहून जालना ओलांडून पुढे जावे. छत्रपती संभाजीनगर गाठण्याआधी, जालना रोडवर डाव्या हाताला चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. बीबी-लोणार परिसराला मुंबई-दिल्लीचे विमान पकडायला सोयीचा हाच. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इथून इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण मुंबईला निघाले. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेले बोईंग ७३७, आत ११८ माणसे. एप्रिलचे ऊन, भरलेले विमान आणि त्या वेळी ६,००० फुटांची धावपट्टी.

विमान धावपट्टी जवळजवळ संपता संपता उचलले गेले. धावपट्टीच्या टोकाजवळून बीड रस्ता जात होता आणि नेमक्या त्याच वेळी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गठाणींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला, रस्त्यापासून अवघ्या सात फुटांच्या उंचीवर. तसेच फरफटत वर गेलेले विमान सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारांना धडकून कोसळले. ५५ माणसे मेली. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात गठाणींचा ट्रक ही रोज दिसणारी गोष्ट. जिनिंगमधून निघालेला असा ट्रक विमानाच्या वाटेत येईल हे स्वप्नातही कुणाच्या मनात येणार नाही.

चौकशीने बोट दोन्हीकडे दाखवले. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, ही एक चूक. विमान उड्डाणाच्या वेळेला बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची व्यवस्था त्या वेळच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती, ही दुसरी. म्हणजे वैमानिकांकडे परवाने होते, विमानाकडे कागद होते, विमानतळ रीतसर चालू होता. कमी होती ती या तिघांच्या मधल्या जागेत पाहणाऱ्या कुणाची तरी. उन्हाळ्यात, भरल्या वजनाने, आखूड धावपट्टीवरून उडण्याचा सराव या वैमानिकांना पुरेसा होता का? रस्ता मोकळा ठेवण्याचे काम नेमके कुणाचे? देखरेख म्हणजे हे प्रश्न अपघाताच्या आधी विचारणे. चिकलठाण्याची धावपट्टी पुढे बरीच लांबवली गेली. पण ते प्रश्न २५ एप्रिलला विचारले गेले असते तर, हा विचार त्या रस्त्याने जाताना आजही मनातून जात नाही.

आजची देखरेख अनेक अंगांनी चालते. वर्षभराचे वेळापत्रक लावून होणारे ऑडिट असते आणि न सांगता होणारी तपासणीही असते. रात्री उभ्या विमानाभोवती बॅटरी घेऊन फिरणारा निरीक्षक, टायर आणि गळती पाहणारा, आतल्या अग्निशामकाची तारीख वाचणारा. निरीक्षक अचानक कॉकपिटात येऊन बसू शकतो. विमानातले यंत्र प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवते. विमान जोरात आदळले, उतार जास्त तीव्र घेतला, तर वैमानिकाने तक्रार केली नाही तरी आकडे बोलतात. ड्युटीवर चढण्यापूर्वी क्रूला श्वासाची चाचणी द्यावी लागते. दारूचा अंश सापडला तर पहिल्यांदा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षांसाठी, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. समृद्धीवर रात्रीच्या बसच्या चालकांसाठी इतकी काटेकोर पायरी कधी येईल, असा विचार या भागातल्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

दोष सापडला म्हणून कंपनी एकदम बंद होत नाही. गंभीर दोष तिथल्या तिथे दूर करावा लागतो, कमी गंभीर दोषाला मुदत मिळते. मग नोटीस, दंड, संबंधित अधिकाऱ्याला पदावरून हटवणे, उड्डाणे कमी करणे, आणि अगदी शेवटी परवान्याचे निलंबन. २०२२ च्या जून-जुलैत स्पाइसजेटच्या विमानांत अवघ्या १८ दिवसांत आठ बिघाड झाले, तेव्हा डीजीसीएने २७ जुलैला हुकूम काढला: पुढचे आठ आठवडे मंजूर उड्डाणांपैकी निम्मीच करायची. तो पुढे ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढला. शंभर विमानांचा पसारा ज्याला झेपत नाही त्याला पन्नास द्यावीत, हा हिशेब शेतकऱ्यालाही पटेल; पाणी जेवढे तेवढेच रान भिजवावे.

यात पैशाचा भाग फार मोठा. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या किंगफिशरचे पगार थकलेले इंजिनिअर आणि वैमानिक कामावर येईनात. विमानाला सही देऊन सोडणारा इंजिनिअरच सात महिने बिनपगारी असेल, तर ती सही कितपत निश्चिंत मनाने होईल? २० ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला आणि वर्षअखेरीस त्याची मुदतही संपली. विमान पडण्याची वाट न पाहता कंपनीच्या तिजोरीकडे पाहावे लागते, हे त्या प्रकरणाने शिकवले. मे २०२३ मध्ये वाडियांच्या गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा डीजीसीएची नोटीस आठवडाभरात गेली.

देखरेख करणाऱ्यावर देखरेख कुणाची, हा प्रश्न भारताला एकदा फार झोंबला. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताला पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत उतरवले. दोष कुठल्या कंपनीचा काढला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की तुमच्या डीजीसीएकडे पुरेसे प्रशिक्षित निरीक्षक नाहीत, त्यामुळे तुम्ही दिलेल्या प्रमाणपत्रावर आम्ही विसंबायचे कसे? एअर इंडिया आणि जेट यांना अमेरिकेत नवी उड्डाणे वाढवता येईनात. सरकारने माणसे नेमली, प्रशिक्षण दिले आणि ८ एप्रिल २०१५ ला श्रेणी परत मिळाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तपासणीत २०१८ मध्ये भारताला ५७.४४ टक्के गुण होते; २०२२ मध्ये ते ८५.४९ झाले. हे काम खरेच कौतुकाचे आहे. आणि तरीही २०२५ मध्ये संसदेच्या समितीला डीजीसीएतली जवळपास निम्मी मंजूर पदे रिकामी दिसली. विमानांची संख्या वर्षागणिक वाढते आहे. दोन माणसांचे काम एकाने करायचे, तेही अशा खात्यात, जिथे दुर्लक्षाची किंमत पैशात मोजता येत नाही.

शेजारच्या नेपाळचे उदाहरण मराठी माणसाला दुखावणारे आहे. २९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे छोटे विमान डोंगराला धडकले. २२ जण गेले. त्यांत ठाण्याच्या एकाच कुटुंबातले चौघे होते. नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ पासूनच आपल्या आकाशात बंदी घातलेली होती. युरोपचा जुना आक्षेप असा की नेपाळमध्ये विमानतळ चालवणारे आणि नियमन करणारे प्राधिकरण एकच आहे. ज्याची दुकानदारी त्याच्याच हातात वजनमापाची तपासणी, असे होऊ नये. भारतात विमानतळ प्राधिकरण आणि डीजीसीए वेगळे आहेत, ही गोष्ट म्हणूनच नुसत्या कार्यालयीन मांडणीची नाही.

थकव्याचा प्रश्न मात्र आपल्याकडेही सुटलेला नाही. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या विमानतळावर पुण्याला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाचा वैमानिक उड्डाणाआधी दारापाशीच कोसळला आणि गेला. कारण हृदयविकाराचे सांगितले गेले, आदल्या कामानंतर त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती असे कंपनीने सांगितले, आणि थकव्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. पण वैमानिकांच्या झोपेची चर्चा त्या दिवसापासून घराघरांत पोचली. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने नवे नियम काढले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या कामातली लँडिंग सहाऐवजी दोनच. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबले आणि शेवटी २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

त्यानंतर महिनाभरात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. मुंबई, पुणे, नागपूरच्या विमानतळांवर लग्नाला निघालेले, इस्पितळात निघालेले, परीक्षेला निघालेले लोक जमिनीवर झोपले. डीजीसीएने कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली, मग सरकारने तिची उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी केली, आणि डीजीसीएने आपल्याच चार उड्डाण निरीक्षकांना कामावरून काढले. नियम येणार हे वर्षभर आधी ठाऊक होते. कंपनीकडे पुरेसे वैमानिक आहेत का, हे मोजणे हेच तर देखरेखीचे काम. देशातले निम्म्याहून अधिक प्रवासी जी कंपनी नेते, तिच्याबाबत ते वेळेवर मोजले गेले नाही, याचे समाधानकारक उत्तर प्रवाशांना मिळायला हवे.

मोठ्या कंपन्यांवर निदान सगळ्यांची नजर असते. ग्रामीण महाराष्ट्राचा संबंध येतो तो बहुधा दुसऱ्या गटाशी. वेळापत्रक नसलेली, भाड्याने मिळणारी छोटी विमाने आणि हेलिकॉप्टरे. निवडणूक आली की शेतात चुन्याने गोल आखून हेलिपॅड होतो. हौशी बाप लेकीची पाठवणी हेलिकॉप्टरने करतो. रुग्णाला नागपूर-मुंबईला न्यायला एअर अॅम्ब्युलन्स बोलावतात. या कंपन्यांनाही एओसी लागते आणि देखरेखही असते, पण तीन-चार विमानांच्या कंपनीत उड्डाणसुरक्षाप्रमुख, प्रशिक्षणप्रमुख आणि मालक यांच्यात अंतर ठेवणे अवघड असते. गिऱ्हाईक मोठे, घाई मोठी, आणि ‘आज नको’ म्हणणारा वैमानिक एकटा. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात उतरताना एक लिअरजेट धावपट्टीवरून घसरून मोडले. आतले आठही जण वाचले. मे २०१७ मध्ये निलंग्याला मुख्यमंत्र्यांना घेऊन उडालेले राज्य सरकारचे हेलिकॉप्टर तारांना अडकून खाली आले होते. तेही सगळे वाचले.

भाड्याच्या हेलिकॉप्टरचे बुकिंग गावाकडे पुष्कळदा दलालामार्फत होते. दलालाकडे एओसी नसते, असण्याचे कारणही नाही. हेलिकॉप्टर ज्या कंपनीचे, तिच्याकडे ती लागते. म्हणून पैसे देणाऱ्याने दलालाला दोन गोष्टी विचाराव्यात: उडवणारी कंपनी कोणती आणि हेलिकॉप्टरची ‘व्हीटी’ची अक्षरे कोणती. परवानाधारक कंपन्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. कंपनीच्या नावापुढे तिच्या विमानांचे प्रकार असतात, नोंदणीची अक्षरे असतात, आणि एका रकान्यात परवान्याची मुदत कुठल्या तारखेपर्यंत आहे तेही असते.